कापसाच्या कोठीतलं ऊन

माझ्या पहिल्या शाळेच्या प्रदर्शनाच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'दालन सातवे – काही मांडलेले नव्हते.' वही अजून असेल की वाळवीनं खाल्ली असेल, माहीत नाही. ती ओळ खोटी आहे. सातव्या दालनात जे होतं ते मी पाहिलं होतं, दोनदा पाहिलं होतं, आणि ते नाहीसंही मीच केलं. मी नव्वदी ओलांडली आहे. ज्यांच्यासमोर हे सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी कोणी उरलं नाही. म्हणून आता सांगणं सोपं आहे, हे मला कळतं.

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वर्ध्याच्या बाहेर, नालवाडीच्या अंगाला शेतांच्या काठावर आमची शाळा होती. उद्योगातून शिक्षण देणारी. मी तिथं चित्रकलेचा हंगामी मास्तर होतो, वय तेवीस. माझ्याबरोबरच हंगामी म्हणून लागलेल्या एक बाई होत्या, कताई आणि सामान्य विज्ञान शिकवणाऱ्या. वय पस्तिशीच्या आसपास. अल्लीपूरच्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि माहेरी भावाच्या घरी दहा वर्षं चूल सांभाळून मग हट्टानं ट्रेनिंग करून त्या मास्तरीण झाल्या होत्या. वर्ध्यात एक खोली घेऊन एकट्या राहत. त्या काळी हे सोपं नव्हतं. खोलीला आतून लावायची कडी आहे, हेच त्यांना मोठं वाटायचं. एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की सकाळी डोळा उघडला की पहिल्यांदा कडीकडे पाहते आणि मग उठते.

हंगामी आम्ही दोघं आणि कायम व्हायची जागा एक. माघात प्रदर्शन, प्रदर्शनाला शाळेची समिती येणार, आणि समिती ज्याचं काम पाहून समाधानी होईल त्याला जागा, असं मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. दुसऱ्याला चैत्रात सुट्टी. मला सुट्टी मिळाली तर मी पिपरीला आईवडिलांकडे जाऊन दुसरी शाळा बघणार होतो. बाईंना सुट्टी म्हणजे अल्लीपूर, भावजयीची चूल, आणि मग पुन्हा कधी नाही. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. 'मी लहान होतो, मला कुठे कळत होतं' असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मी जिल्ह्याचा नकाशा करायला घेतला. दोन खाटांएवढा, काळ्या मातीचा, नद्या निळीनं रंगवलेल्या, गावागावांत सरकीचे दाणे रोवलेले. प्रामाणिक काम होतं. आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, चांगलंच होतं. पण त्यात असं काही नव्हतं जे दुसऱ्या कोणी केलं नसतं.

बाईंनी आपल्या, म्हणजे सातव्या दालनासाठी मागितली ती कापसाची कोठी. शाळेच्या शेतातला कापूस पूर्वी तिथं भरत. छत जुन्या टिनांचं. ते टिन आधी दुसऱ्या कुठल्या छपरावर होते, त्यामुळे जुन्या खिळ्यांची भोकं जागोजाग. पावसाळ्यात गळायची म्हणून तिचा वापर बंद झालेला. दक्षिणेच्या भिंतीला उंचावर एक मोठी फळ्यांची खिडकी, बैलगाडी लावून कापूस आत लोटायची. बाकी खिडकी नाही. भिंतींवर, वाशांवर, कोळ्यांच्या जाळ्यांत वर्षानुवर्षांची रुई चिकटलेली. बाई रोज दुपारच्या सुट्टीत तिथं जाऊन दार लावून घेत. महिना-दीड महिना हे चाललं. शिपाई हसायचा. म्हणे, बाई कोठीत उन्हाच्या कवड्या मोजतात.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापकांनी नोंदवही माझ्या हाती दिली. माझं अक्षर बरं होतं. प्रत्येक दालनापुढं रकाने होते : वस्तूचे नाव, साहित्य, लागलेले श्रम, उपयोग. आमच्या शाळेत उपयोगाच्या रकान्याला फार मान. फुलदाणी केली तर तिच्यात पाणी किती मावतं तेही लिहावं लागे. मी वही घेऊन कोठीकडे गेलो. दुपारचे बारा वाजायला आले होते. बाईंनी दार किलकिलं करून मला आत घेतलं आणि लगेच लावलं.

पहिल्यांदा मला काळोखाशिवाय काही दिसलं नाही. मी म्हटलं, बाई, वस्तू कुठं आहे.

"काई नाई सर, ऊन आहे. रोजचंच. बसून घ्या, उभ्यानं दिसत नाई."

मी गोणपाटावर बसलो. हळूहळू डोळे सरावले. छतातल्या शेकडो भोकांपैकी त्यांनी बहुतेक डांबराच्या गोळ्यांनी बुजवली होती, वीस-बावीस ठेवली होती. तिथून वीस-बावीस तिरपे दांडे खाली उतरले होते. उन्हाचे दांडे आपण सगळेच पाहतो, पण हे भरीव दिसत होते, हात लावला तर लागतील असे, कारण कोठीतल्या हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत होते आणि उन्हात शिरले की पेटल्यासारखे पांढरे होत होते. बाईंनी वाशाला टांगलेल्या गोणपाटाला एक टिचकी मारली. सगळे दांडे दाट झाले. जमिनीवर, सारवलेल्या मातीवर, प्रत्येक दांड्याच्या पायाशी रुपयाएवढी गोल चकती होती. भोकं वेडीवाकडी, फाटकी, आणि खाली सगळं गोल.

मी म्हटलं, हे गोल कसं. त्या म्हणाल्या, भोक कसंही असो, खाली पडतं ते भोकाचं रूप नव्हे, तो सूर्य आहे. थांबा जरा. आम्ही थांबलो. बाहेर ढगाचा तुकडा आला असावा. त्या वीस-बावीस चकत्यांवरून, सगळ्यांवरून एकाच वेळी, एक सावली सरकत गेली, प्रत्येक चकतीत एकेक इवलासा ढग. मग परत लख्ख.

एका दांड्याखाली पितळेची परात होती, काठोकाठ पाणी भरलेली. पश्चिमेच्या भिंतीतली अगदी खालची एक वीट त्यांनी काढली होती. तिथून शेतावरचा वारा जमिनीसरसा यायचा आणि परातीतल्या पाण्यावरून जायचा. उत्तरेची भिंत त्यांनी चुन्यानं पांढरी केली होती. पाण्यावर पडलेलं ऊन उसळून त्या भिंतीवर जायचं, आणि तिथं ते जे करायचं त्याला मला त्या दिवशी शब्द सापडला नाही आणि आजही सापडत नाही. भिंत वाहत होती एवढंच म्हणतो. वारा पडला की भिंत थांबायची. आम्ही दोघं तिकडे पाहत बसायचो, कधी चालू होते म्हणून. आणि वारा यायचा.

किती वेळ गेला कळलं नाही. शिपायानं दार ठोकलं आणि बाहेरूनच विचारलं, "बाई, आत झाडू मारून देऊ काय? लई रुई उडून राह्यली."

बाई म्हणाल्या, "तुह्या हातानं जे होते ते प्रदर्शन झाल्यावर करजो बाप्पा."

मी वही उघडली. साहित्य काय लिहू? त्या म्हणाल्या, ऊन, वारा, पाणी. मी म्हटलं, हे साहित्य नव्हे, हे तर सगळ्यांचंच आहे. त्या म्हणाल्या, मग ते लिहा. उपयोग काय लिहू? त्या म्हणाल्या, की सर, तुम्ही आत्ता इतका वेळ बसले, कशाला बसले? मी रकाने कोरे ठेवले आणि नंतर लिहू म्हणालो. कोरे ठेवताना मनात काय होतं तेही सांगतो. मनात होतं, की हे माझ्या नकाशाला खाऊन टाकणार.

त्यानंतरचे आठ दिवस मी नकाशाकडे बघवत नसल्यासारखा त्याच्यावर काम करत होतो. वर्धा नदीचं वळण तीनदा बदललं. माझ्या हातात वर्षानुवर्षं रंग होते, ब्रश होते, आणि माझ्यापुढं ही कताईची बाई कसलाही रंग न वापरता असं काही करून बसली होती की जे मला सुचलंही नसतं. जागेची भीती होतीच. पण जागेपेक्षा हे जास्त झोंबलं. नुसती नोकरी वाचवण्यासाठी केलं असं म्हटलं तर लोक मला थोडं माफ करतील, म्हणून हे लिहून ठेवतो.

प्रदर्शनाच्या दिवशी आभाळ स्वच्छ. समिती अकराला येणार ती साडेअकराला आली. अध्यक्ष गावातले वजनदार गृहस्थ, खादीचे, वयस्क, स्वभावानं वाईट नव्हेत. मोटार रस्त्यावर ठेवून शेताच्या बांधावरून चालत आले होते, म्हणजे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीच्या धुळीनं भरलेले. माझा नकाशा त्यांनी पाहिला. अल्लीपूर कुठं, हिंगणघाट कुठं, असं विचारलं, मान हलवली, पुढे गेले. चरख्यांचं दालन, मधमाश्यांचं दालन, चामड्याच्या चपलांचं. बाई कोठीच्या दारात उभ्या होत्या. बारा वाजत आले तशी त्यांची घालमेल चालू झाली, कारण ऊन परातीवरून सरकायच्या आत मंडळी आत बसायला हवी होती. त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही आत थांबजा. कोणाले दार उघडू देऊ नका. मी त्यायले घेऊनच आली समजा."

माझ्यावर विश्वास ठेवला तो अशासाठी, की आठ दिवसांपूर्वी मी तिथं बसलो होतो. दुसऱ्या कोणी बसून पाहिलं नव्हतं.

मी आत होतो आणि एकटा होतो. भिंत वाहत होती. मी काही वेळ उभा राहिलो, मग दक्षिणेच्या भिंतीशी गेलो, गोणपाटांच्या थप्पीवर चढलो आणि गाडीच्या खिडकीची कडी काढून दोन्ही फळ्या ढकलल्या. आधीपासून ठरवलं होतं का? नव्हतं. पण हात चाचपडला नाही. फळ्या उघडल्या आणि माघातलं बाराचं ऊन आत कोसळलं.

एका क्षणात तिथं काही उरलं नाही. दांडे नाहीत, चकत्या नाहीत, भिंतीवर काही नाही. जळमटं, रुईनं भरलेले वासे, डांबर लागलेले टिन, आणि मधोमध पाण्यानं भरलेली परात. मी खाली उतरलो, दाराबाहेर येऊन बाजूला उभा राहिलो. एवढं मोठं काम मोडायला मला कपभर चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

मंडळी आली. बाईंनी दार उघडलं आणि तिथंच थांबल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, मी जमिनीकडे पाहत होतो. त्यांच्या मागून अध्यक्ष आत शिरले, इकडेतिकडे पाहिलं, आणि परात पाहिली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी ठेवतात. त्या दिवशी फाटकाजवळ ठेवायचं शिपाई विसरला होता. अध्यक्षांना वाटलं, इथं सोय केली आहे. त्यांनी चपला काढल्या, धोतर थोडं वर घेतलं आणि परातीत पाय घातला.

"हे मात्र बरं केलं बाई," ते म्हणाले, "कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं."

एक पाय धुतला, दुसरा धुतला. पाणी काळं झालं. त्यांनी पुसायला काही आहे का म्हणून मागे पाहिलं. माझ्या खांद्यावर पंचा होता. तो मी पुढे केला.

मग त्यांनी विचारलं, की आता यातलं पाहायचं काय आहे. मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता नाई."

त्यांना सांगता आलं असतं. फळ्या लावून घ्या, दहा मिनिटं थांबा, दुसरं पाणी आणते. पण ज्या पाण्यात अध्यक्षांनी पाय धुतले ते प्रदर्शनातलं होतं, हे बाईंना त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. समितीतला एक जण हसला. दुसरा म्हणाला, कोठी साफ करून ठेवली एवढंही काम मोठंच आहे. अध्यक्षांनी त्याला दटावलं, आणि सगळे जेवायला गेले.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी वही पुरी करायला सांगितली. सातव्या दालनाचे रकाने कोरेच होते. काय लिहू, मी विचारलं. ते थकले होते. म्हणाले, जे होतं ते लिहा. मी लिहिलं, काही मांडलेले नव्हते.

चैत्रात बाई गेल्या. मी कायम झालो. निरोपाच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना फुटाणे आणि गूळ दिला. मलाही दिला.

मध्ये एक गोष्ट सांगतो, मग शेवटाकडे जातो. दोन-तीन वर्षांपूर्वी पुतण्याची मुलगी मला नागपूरला एका कलादालनात घेऊन गेली. काळोखी खोली, त्यात प्रकाशाचे झोत, वाफ, पाण्याची थाळी, भिंतीवर हलणारं ऊन. दिव्याचं ऊन. लोक जमिनीवर बसून गपचूप पाहत होते. बाहेर पाटीवर करणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली 'साहित्य : प्रकाश, हवा, पाणी' असं छापलेलं. मुलगी म्हणाली, आजोबा, याला मांडणशिल्प म्हणतात. मी म्हटलं, चल, मला बरं वाटत नाही. ती घाबरली, तिनं रिक्षा केली. बाईंचं त्याहून चांगलं होतं. हे कोणाला पटवायचं?

बाई गेल्यावर पुढल्या माघात मी अल्लीपूरला गेलो. कबूल करायला गेलो असं म्हणतो, पण खरं म्हणजे मला झोप लागत नव्हती आणि ती लागावी म्हणून गेलो. हिंगणघाटहून बैलगाडी मिळाली. भावाचं घर विचारत गेलो. भावजय अंगणात होती. तिनं मला वरून खाली पाहिलं आणि आत ओरडून म्हणाली, "ताई, तुमच्या शाळेतले मास्तर आले, बोलवाले आले की काय तुम्हाले." त्या म्हणण्यात टोमणा होता, आणि टोमण्याखाली आशाही होती, की नणंद घरातून जाईल.

बाई मागल्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वाळल्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, शाळेत नसायचा तो. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खिडकी मी उघडली. त्यांचा हात थांबला नाही.

"मले तवाच समजलं होतं. कडी आतून होती."

मी विचारलं, मग बोलल्या का नाही.

"काय दाखवलं असतं मी त्यायले? काई मोडलं होतं काय? काई फुटलं होतं? खिडकी उघडली, ऊन आत आलं. उन्हाचीच वस्तू होती ना माही." मग शेंगांकडे पाहतच, "तुम्ही बसून पाह्यलं होतं सर. दुसऱ्यानं उघडली असती तर मले काई वाटलं नसतं."

मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. एवढंच म्हणाल्या, की समितीला दोन ओळी लिहून द्या. त्या दिवशी तिथं काम होतं, मी पाहिलं होतं, एवढं पुरे. कोणी उघडली ते लिहू नका पाहिजे तर. हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत जागा निघते आहे, समितीनं शिफारस केली तर मिळेल. त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलल्या, "दोनच ओळी सर. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी हो म्हणालो. चहा घेऊन निघालो. त्या रात्री मला झोप लागली.

पत्र मी लिहिलं नाही. लिहायला बसलो, कागद फाडले, पुन्हा बसलो, असं सांगितलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी बसलोच नाही. तिथं काम होतं असं लिहायचं, तर वहीत काही नव्हतं असं का लिहिलं, हे विचारणार. त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. आज-उद्या करत फाल्गुन गेला, हिंगणघाटची जागा भरली असणार.

आमच्या शिपायाची बहीण अल्लीपूरला दिलेली होती. चैत्रात तो तिकडे जाऊन आला आणि व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, की बाई विचारत होत्या, सरांनी लिहिलं काय. मी फळा पुसत होतो. मी त्याला सांगितलं, पुन्हा जाशील तेव्हा सांग, की लिहिलं, सगळं खरं खरं लिहिलं, खिडकी मी उघडली हेही लिहिलं, पण समितीनं मानलं नाही.

म्हणजे बाईंच्या लेखी समितीनं त्यांना दुसऱ्यांदा नाकारलं, तेही खरं कळल्यावर. त्या अल्लीपूरलाच राहिल्या आणि तिथंच वारल्या, हे मला फार उशिरा समजलं. मधल्या वर्षांत कधीही जाऊन मी सांगू शकलो असतो, की समितीला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी त्या वाटेनं पुन्हा गेलो नाही.

शिपाई अक्षय तृतीयेला जाऊन आला. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

"सांगतलं बाईले. बरं म्हणाल्या. मंग विचारत होत्या, तसं लिहून देल्यानं सरांच्या नोकरीले तर काई झालं नाई ना."

मी म्हटलं, नाही, काही झालं नाही.